टेकावरच्या बापूंचा बाजार

जालना जिल्ह्यातल्या एका बेटावर जाऊन येतो, असं मी घरी सांगितलं तेव्हा बायकोने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. तिचंही काही चुकलं नाही. जालना म्हटलं की लोकांना बियाणं आठवतं, लोखंडाच्या सळया आठवतात, मोसंबी आठवते. बेट कोणालाच आठवत नाही. मलाही आठवलं नसतं. पण माझा जुना मित्र प्रल्हाद त्या बेटावर जन्मला आहे, आणि त्याच्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला ये, असा त्याचा तीन-चारदा फोन आला होता.

नाशिक रोडहून दुपारची गाडी पकडली आणि दिवेलागणीला जालन्यात उतरलो. प्रल्हाद स्टेशनवर आला होता. शिकत असताना आम्ही नाशिकला एका खोलीत राहायचो. आता त्याचं मस्तगड भागात पाइप आणि मोटारींचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर घर. चहा व्हायच्या आत त्याने मला एक खोली दाखवली. नवा रंग, नवी गादी, खिडकीला जाळी, न्हाणीघरात धरायला दांडी. खोलीत राहत मात्र कोणी नव्हतं.

"मायसाठी बांधली," तो म्हणाला. "बापू गेले तेव्हाच म्हणलो, चल. तर म्हणे, वर्ष होऊ दे, मंग सांगते. परवा वर्ष होऊन राह्यलं. तू बोल तिच्याशी. माझं ऐकत न्हाई, पाहुण्याचं ऐकंल."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला जेवायला नाही, वकिलीला बोलावलं आहे. पण खोली खरोखरच छान होती आणि माणूस कळकळीने बोलत होता. प्रयत्न करतो म्हणालो.

सकाळी भजी आणि चहा घेऊन त्याच्या गाडीतून निघालो. अंबड मागे पडलं तसा कापूस कमी होत गेला आणि ऊस वाढत गेला. थंडी होती. रस्त्याच्या कडेने तुरीच्या पेंढ्या रचलेल्या होत्या आणि उसाच्या ट्रॉल्या आमच्यापुढे अशा चालल्या होत्या की जणू रस्ता त्यांनाच आंदण दिलेला. कुंभार पिंपळगावला आम्ही पुन्हा चहाला थांबलो. बाजाराचं मैदान समोरच होतं, पण रिकामं. बाजार दोन दिवसांनी भरणार होता. मैदानात दोन गाढवं आणि कोबीची वाळलेली पानं, एवढाच काय तो माल.

त्या रिकाम्या मैदानाकडे बघत प्रल्हादने मला वडिलांची गोष्ट सांगितली. पुढचं सगळं त्यावर अवलंबून असल्याने ती इथेच सांगून टाकतो.

गोदावरीवर खाली बंधारा झाला आणि पाणी मागे तुंबून पसरलं. बाकीचं गाव सरकारने काठावर नेऊन वसवलं. पण एका उंच टेकाडावरच्या अकरा घरांनी हलायला नकार दिला, कारण त्यांची शेतं टेकाडावरच होती. भर उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा थोडे दिवस चालत जाता येतं. एरवी चारही बाजूंनी पाणी. या वस्तीला सगळे टेक म्हणतात. ये-जा चप्पूने (थर्माकोलच्या ठोकळ्यांवर फळ्या बांधून केलेला तराफा). चप्पूवर माणसं मोजकीच बसतात, म्हणून आठवड्याच्या बाजाराला सगळ्यांनी जायचं नाही, सगळ्यांचा बाजार एकाने करायचा, असं ठरलं. पहिला जो माणूस गेला, तो लोकांच्या सामानातून स्वतःसाठी काहीबाही काढू लागला. त्यावरून डोकी फुटायची वेळ आली. तेव्हा पंचांनी नियम घातला की बाजार करणाऱ्याने बायको-पोरांसाठी काय हवं ते आणावं, स्वतःसाठी मात्र खाऊची पुडीसुद्धा आणू नये.

त्या अटीवर कोणी पुढे येईना. तेव्हा सोपानराव, म्हणजे प्रल्हादचे वडील, पुढे आले आणि मरेपर्यंत तेच बाजार करत राहिले. सगळे त्यांना बापू म्हणत.

"कोणाला काय लागतं ते सांगावंच लागायचं न्हाई," प्रल्हाद म्हणाला. "सुतळीनं पाय मोजून चपला आणायचे. पोरींच्या बांगड्या, म्हाताऱ्यायच्या गोळ्या, समदं. अन् स्वतःसाठी कधी काही न्हाई. मी पहिल्या कमाईतून शर्ट नेला, तर म्हणे नामदेवला दे, त्याचा फाटलाय."

"आणि आईसाठी?"

तो हसला. "मायसाठी गोडी शेव (गुळाच्या पाकात घोळलेली जाड शेव). दर बाजाराला पावशेर. अन् माय अशी की कोणाला देयाची न्हाई. घरात नेऊन ठेवायची, संपून जायची. मला एखादा तुकडा भेटायचा. टेकावरच्या पोरायनी तिचं नाव 'शेवकाकू' पाडलं होतं. लहानपणी मला लई राग यायचा तिचा."

हे त्याने हसत सांगितलं, पण पन्नाशीच्या माणसाच्या आवाजात शेव न मिळाल्याचं दुःख अजून शिल्लक होतं.

काठावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. पाणी रुंद, निळसर आणि अगदी स्थिर. मधे टेकाड, त्यावर बाभळी, कडब्याच्या गंजी, पत्र्यांची छपरं आणि एक लिंबाचं झाड. प्रल्हादने तोंडाला हात लावून हाळी दिली. थोड्या वेळाने पलीकडून चप्पू निघाला. वल्हवणारा नामदेव हा बापूंचा शेजारी, साठीला आलेला, काटक माणूस. मी चप्पूवर पाय ठेवला तो नेमका कडेला. चप्पू कलला, मी गुडघ्यापर्यंत गोदावरीत.

"मधी बसा, मधी," नामदेव म्हणाला. "नवा पाहुणा पाय धुतल्याबिगर येतच न्हाई."

वाटेत मी त्याला विचारलं, आता बाजार कोण करतं? त्याने वल्हं जरा जास्तच जोरात मारलं.

"जो तो आपापला. बापू गेले अन् आमची फजिती झाली बघा. पहिल्याच बाजारी चपलेच्या दुकानात गेल्तो. दुकानदार म्हणे, नंबर? म्हणलं, मला काय माहीत, बापूला माहीत. आमच्या घरची गयाबाई किराणा दुकानात साबण मागून राह्यली, कोणता म्हणलं तर म्हणे, बापू आणायचे तो. दुकानदार म्हणला, बाई, बापू गेले, साबण लई हायेत." त्याने पुन्हा वल्हं मारलं. "हसले लोक. आमाला रडू आलं."

टेकावर पाय ठेवला तेव्हा पहिल्यांदा दिसली ती प्रल्हादची आई. रुक्मिणबाई, सत्तरीच्या आसपास, उंच, पाठ ताठ. माझे भिजलेले बूट बघून त्यांनी ते चुलीजवळ उलटे टाकले. मग जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी (भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ लावून केलेली), लसणाची चटणी, कच्चा कांदा. मी तिसरी भाकरी नको म्हणालो, तर म्हणाल्या, "नाशिकची माणसं अर्ध्या पोटीच उठतात का?" चौथीही खाल्ली.

जेवताना त्यांच्या स्वयंपाकघराकडे माझं लक्ष गेलं. बाजारचं असं तिथे काहीच नव्हतं. चहा नाही, साखर नाही, साबणाची वडी नाही. संध्याकाळी गयाबाईच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा कोडं उलगडलं. गयाबाई म्हणजे नामदेवची बायको, बोलकी आणि रोखठोक.

"वरीस झालं, बाजारातली काडी घेत न्हाई," ती म्हणाली. "काय आणू विचारलं की म्हणते, मी त्यायलाबी कधी सांगितलं न्हाई, तुमाला काय सांगू. तेल-मीठ आमी बायाच तिच्या डब्यात ओततो, तिची पाठ वळली की. आमचे हे पहिल्या बाजारी गोडी शेव घेऊन गेल्ते. पुडी हातात बी धरली न्हाई तिनं. दार लावून घेतलं."

"आता प्रल्हाद नेतो म्हणतोय."

"नेईल. अन् का न्हाई न्यावं?" गयाबाई म्हणाली, आणि पदराने नाक पुसलं. "पण ती गेली तर मंग बापूच्या घराला कुलूप. अन् बापूच्या घराला कुलूप लागलं, तर आमी तरी कामून थांबावं हितं? हे बी तुमच्यासमोर सांगते, त्यायला नका सांगू." 'त्यायला' म्हणजे नामदेवला, आणि तो शेजारीच बसून सगळं ऐकत होता.

माझी वकिली त्या ओट्यावरच अवघड झाली. तरी मी रुक्मिणबाईंकडे विषय काढला. खोलीचं वर्णन केलं, न्हाणीघरातल्या दांडीपर्यंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चांगलं बांधलं असंल त्यानं," त्या म्हणाल्या. "त्याचा हात बराबर हाय. पण भाऊ, मी तिथं बसून करू काय? जाळीतून रस्ता बघू?" मग स्वतःच म्हणाल्या, "उद्याचं होऊ दे. मंग सांगते."

दुसऱ्या दिवशी श्राद्ध. गव्हाची खीर, उडदाचे वडे, कढी, गवारीची भाजी. अकरा घरच्या चुली पेटलेल्या. माझ्याकडे भोपळा चिरायचं काम आलं आणि पहिल्याच फोडीनंतर ते गयाबाईने काढून घेतलं. कावळ्याला घास ठेवला. कावळा येईल की नाही, रुसेल का, काही इच्छा राहिली असेल का, अशी कुजबुज सुरू व्हायच्या आत एक कावळा आला आणि वडा घेऊन गेला. श्राद्धातल्या कावळ्यांविषयी मी जे जे ऐकलं होतं, त्यात हा अगदीच व्यवहारी निघाला.

अडलं ते पुढे. बापूंच्या फोटोपुढे त्यांचं ताट मांडायचं होतं, आणि त्यांच्या आवडीचा एक पदार्थ त्यात हवा, असं एका म्हाताऱ्या आजोबांनी सांगितलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"बापूला काय आवडायचं?" प्रल्हादने विचारलं.

"काहीबी चालायचं," नामदेव म्हणाला.

"पुरणपोळी?" "एकच खायचे." "भजे?" "दुसऱ्याला देयाचे." ज्या माणसाला वस्तीतल्या प्रत्येक पायाचं माप ठाऊक होतं, त्याची आवड एकालाही सांगता येईना. प्रल्हाद मान खाली घालून बसला.

तेवढ्यात गयाबाई उठली. पदराआडून तिने एक पुडी काढली आणि रुक्मिणबाईंपुढे ठेवली. "काकू, बापूला काय आवडायचं ते आमाला कळलं न्हाई. तुमचं तरी कळतंय. आज वरीस झालं. आता खा."

गोडी शेव होती. ती ठेवते न ठेवते तोच पलीकडच्या घरची सून उठली. तिच्याही हातात पुडी. मग तिसरी, मग चौथी. गेल्या बाजारी प्रत्येक घराने दुसऱ्याला न सांगता एक-एक पुडी आणून लपवून ठेवली होती, आज काकूला द्यायची म्हणून. नामदेवच्या तर हातात आणखी एक होती; बायकोने आणली हे त्याला ठाऊकच नव्हतं. रुक्मिणबाईंपुढे शेवेची रास लागली, आणि आणणारे आपली चोरी पकडली गेल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिले.

रुक्मिणबाईंनी एक पुडी सोडली, मूठभर शेव घेतली, आणि ती तोंडात न घालता बापूंच्या ताटात खिरीशेजारी ठेवली.

"मला गोडी शेव बिलकुल आवडत न्हाई," त्या म्हणाल्या. "दाताला चिकटती."

कोणाला काही कळेना.

"त्यायला आवडायची. लेकरासारखी. पण नियम होता ना तुमचा! स्वतःसाठी आणता येत न्हाई. मंग माझ्या नावानं आणायचे. मी दारात कांदे निवडत बसायचे, कोणी आलं तर कळावं म्हणून. अन् हे आत बसून खायचे."

"माय!" प्रल्हाद म्हणाला. लहानपणापासून ज्या शेवेसाठी त्याने आईवर राग धरला होता, ती समोर ताटात होती आणि तिचा मालक फोटोत.

"तुला द्यावी वाटायची रे," त्या त्याला म्हणाल्या. "पण पावशेर तर असायची. आठवडाभर समद्याचं वझं वाहणारा माणूस. त्यायचं तेवढंच होतं."

"मंग वरीसभर सांगितलं कामून न्हाई?" गयाबाईने विचारलं.

"कशी सांगू? समदे म्हणायचे, बापूनं स्वतःसाठी कधी काडी आणली न्हाई. मेलेल्या माणसाची इज्जत मी घालवू? पण आज त्यायचं ताट तसंच उठलं असतं. ते मला बघवलं न्हाई."

पहिला हसला तो नामदेव. आधी दबक्या आवाजात, मग गदगदून. "म्हणजे बापूनं आपल्याला इतकी वर्षं गंडवलं!" असं म्हणत त्याने मांडीवर थाप मारली, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग सगळेच हसले. बायका हसता हसता रडू लागल्या. रुक्मिणबाई मात्र ताठ बसून होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मला स्पष्ट दिसलं, मोठी जोखीम उतरवून ठेवलेल्या माणसाचं समाधान होतं. मी परका माणूस. त्या घराशी माझा संबंध दोन दिवसांचा. तरी ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, तो त्या क्षणी मला फार आवडला. नियम पाळणाऱ्या बापूंपेक्षा शेव खाणारे बापू जास्त आवडले.

पुड्या मग सगळ्यांना वाटल्या. प्रल्हादने दोन मुठी खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. बाजाराचा दिवस. सकाळी चप्पूजवळ आलो तर रुक्मिणबाई आधीच येऊन बसलेल्या, धुतलेलं लुगडं, मांडीवर मोठी फुगलेली पिशवी. प्रल्हादचा चेहरा उजळला. मला कोपराने ढोसून तो म्हणाला, "तू बोलला, बघ!" माझ्या बोलण्याने काही झालं असेल असं मला वाटत नव्हतं, पण श्रेय कोणी देत असेल तर घ्यावं.

"आण माय, पिशवी मी धरतो," म्हणून त्याने ती घेतली. पिशवी वाजवीपेक्षा हलकी होती. उघडून बघितली, तर आत रिकाम्या पिशव्या. अकरा घरच्या.

"बाजाराला चालले," त्या म्हणाल्या. "समद्यायचा."

"अन् जालना?"

"पाणी उतरलं की येईन चार दिवस. खोली झाडून ठेव." आणि गयाबाई काठावरून काहीतरी आणायला सांगू लागली, तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं. "सांगू नको. मला माहीत हाय. हे बाजार करून आले की घरोघरच्या पिशव्या कोण लावायचं? मीच ना."

कुंभार पिंपळगावचं मैदान आता ओळखू येत नव्हतं. भाजीच्या पाट्या, मिरचीचे ढीग, भांडी, कुऱ्हाडी, पोरांचे कपडे, आणि सगळ्यांवरून भोंग्यावर ओरडणारा उंदराच्या औषधाचा विक्रेता. रुक्मिणबाई त्यातून अशा चालत होत्या की आम्हाला मागे धावावं लागलं. चहाचा वास घेऊन चहा निवडला. नामदेवसाठी चपला घेतल्या, स्वतःच्या तळहाताला लावून माप बघत. दुकानदार 'जल्दी करा, मावशी' म्हणाला, तर त्याच्याकडे बघितलंही नाही. प्रल्हाद पिशव्या धरून मागे होता. कुरकुर करत होता, पण पुढे पुढे त्याची कुरकुर थांबली आणि तो नुसता आईकडे बघत राहिला.

सगळं संपल्यावर त्या भज्यांच्या गाडीपाशी थांबल्या. कढईत मिरचीची भजी सुटत होती. क्षणभर त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"पावशेर द्या," त्या म्हणाल्या.

"कोणासाठी घेऊन राह्यली?" प्रल्हादने सहज विचारलं.

"त्यायच्यासाठी," रुक्मिणबाई म्हणाल्या. "त्यायच्या नावानं."

भजीवाला बापूंना ओळखत असावा. त्याने रुक्मिणबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, मग आमच्याकडे. मग झारा कढईत घातला. "थांबा मावशी, गरम देतो. बापूला गार कसे देऊ?"

काठावर आम्ही त्यांना चप्पूवर बसवलं, पिशव्या मधोमध रचल्या. प्रल्हाद वाकून पाया पडला. चप्पू निघाला. थोडं अंतर गेल्यावर रुक्मिणबाईंनी आमच्याकडे पाठ केली आणि भज्यांचा कागद सोडला. हात तोंडाकडे जाताना दिसत होता. वल्हवणारा नामदेव, इतकं रुंद पाणी समोर असताना, मान वाकडी करून भलतीकडेच बघत होता. पलीकडे गयाबाई आणि दोघी-तिघी बायका वाट बघत उभ्या होत्या. चप्पू जवळ आला तशा त्यांनीही तोंडं फिरवली.

"तिला भजे आवडतात," प्रल्हाद म्हणाला. "मला माहीतच नव्हतं." जालन्याच्या वाटेवर मी खिडकीतून ऊस बघत राहिलो.

मी बरेच प्रवास केले. किल्ले, देवळं, धबधबे पाहून आलो, आणि परत आल्यावर त्यांच्याबद्दल लोकांना सांगितलं. टेकावर बघण्यासारखं तसं काही नाही; पाणी आहे, बाभळी आहेत. पण तिथून आल्यापासून आमच्या घरात कोण कोणाच्या नावाने काय आणतं, याकडे माझं लक्ष जायला लागलं आहे.

निघताना बाजारातून मी अर्धा किलो गोडी शेव घेतली होती. घरी आल्यावर पुडी टेबलावर ठेवली. बायकोने सोडून बघितली.

"हे कोणासाठी?"

"तुझ्यासाठी," मी म्हणालो.

"मला गोड आवडत नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि तिच्याशेजारी बसून खायला लागलो.